पाळणाघरातली तीन फाटकं : प्रकल्प नोंदी

२ जून २०२५, सोमवार

ठकू आज पोटमाळ्याच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर सापडली. नऊ महिन्यांची पोर, गेल्या आठवड्यापर्यंत पोटावर सरकत होती. मी गोट्याचं दुपटं बदलत होते, पाठ वळलेली होती, आणि सासूबाई ओरडल्या, "अगं, पोर बघ!" उचलून घेतली तेव्हा ती हसत होती. माझे हात मात्र बराच वेळ थरथरत होते.

जिन्यासमोर मी पत्र्याची ट्रंक आडवी लावते. अठरा वर्षं लावत आले. ट्रंक आणि खांब यांच्यात वीतभर फट राहते, तिथून ती गेली. संध्याकाळी तिची आई न्यायला आली तेव्हा जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. ती काही बोलली नाही, पोरीला जरा घट्ट धरून उभी राहिली.

ट्रंक बंद. आता फाटकं बसवायची, आणि काय केलं, का केलं ते इथे तारखेनिशी लिहायचं. मुलं ज्यांची आहेत त्यांना हे वाचता यावं.

३ जून, मंगळवार

घर असं : गिरगावातली जुनी चाळ, दुसरा मजला, दोन खोल्या. बाहेरची खोली मुलांची. आत स्वयंपाकघर, त्याच्या कोपऱ्यात मोरी. बाहेरच्या खोलीतून पोटमाळ्यावर जाणारा नऊ पायऱ्यांचा उभा लाकडी जिना. दारासमोर सामाईक गॅलरी, आणि आमच्या दारापासून चाळीचा जिना सात पावलांवर. मुलं सहा. ठकू रांगते. गोट्या चौदा महिन्यांचा, धरून धरून चालतो. दोघं अडीच वर्षांचे. चिमी चार वर्षांची. आणि शाळा सुटल्यावर येणारा दादा, वय सहा.

यांनी टेप धरली, मी लिहून घेतलं.

स्वयंपाकघराची चौकट : वर ७४ सेंटीमीटर, मध्ये ७४, खाली ७३. जुनी चौकट ओळंब्यात नाही, म्हणून तीन ठिकाणी मोजली. जिन्याचं तोंड : ६८. डावीकडे भिंत, उजवीकडे सागवानी खांब. बाहेरचं दार : ९१.

फाटक आणण्याआधी हे आकडे हातात हवेत. प्रत्येक तयार फाटकाच्या खोक्यावर कमीत कमी आणि जास्तीत जास्त रुंदी छापलेली असते. एक सेंटीमीटर इकडेतिकडे झाला की ते बसतच नाही, किंवा बसल्यासारखं दिसतं आणि धक्क्याला निसटतं.

५ जून, गुरुवार

फाटकं दोन जातींची. एक दाबाचं : दोन्ही टोकांना रबरी गुंड्या असलेले बोल्ट फिरवून ते चौकटीत ताणून बसवायचं, भिंतीला भोक पाडायला लागत नाही. दुसरं स्क्रूचं : बिजागऱ्या आणि कडी थेट लाकडात किंवा भिंतीत कसलेली.

दाबाचं फाटक जिन्याच्या वरच्या तोंडाला कधीही लावायचं नाही. सगळा भार रबराच्या घर्षणावर असतो. मूल अंग टाकून रेललं आणि ते सुटलं, तर मूल फाटकासकट खाली जातं. शिवाय त्याला खालून एक आडवी दांडी असते. हातात मूल घेतलेल्या मोठ्या माणसाचा पाय त्या दांडीला अडला तर दोघंही जिन्यावरून जातात. जिन्याच्या वर स्क्रूचंच फाटक, आणि तेही पायऱ्यांच्या बाजूला न उघडणारं. दोन खोल्यांच्या मधल्या दाराला दाबाचं चालतं.

उंचीचा हिशोब : मुलाच्या उंचीच्या पाऊणपट तरी फाटक हवं. दोन वर्षांचं मूल साधारण ८६-८७ सेंटीमीटरचं असतं, म्हणजे ६५ च्या खालचं फाटक आमच्या कामाचं नाही.

माझ्या मुलाने लोखंडी चॅनल गेटसारखं घडीचं छोटं फाटक सुचवलं, जागा वाचेल म्हणून. नाही म्हटलं. अमेरिकेत १९८५ च्या आधी बनलेल्या तशा घडीच्या लाकडी फाटकांच्या शंकरपाळी भोकांत आणि वरच्या व्ही आकाराच्या खाचांत मुलांच्या माना अडकून जीव गेले आहेत. घडीचं काहीही या घरात येणार नाही.

८ जून, रविवार

स्वयंपाकघराला दाबाचं तयार फाटक आणलं. रुंदी ७१ ते ७९, उंची ७६. बसवायला वीस मिनिटं लागली.

मग ताणकाट्याने परीक्षा घेतली. गॅस सिलिंडर तोलायला घेतलेला काटा घरात होताच. तो फाटकाच्या वरच्या दांडीला मध्यभागी अडकवून स्वयंपाकघराच्या बाजूने सावकाश ओढलं. नऊ किलोला उजवीकडची वरची गुंडी घसरली. अमेरिकेतल्या नियमात अशा फाटकाने ३० पौंडांचा, म्हणजे साडेतेरा किलोच्या वरचा रेटा सोसायला हवा असं आहे. गोट्याचंच वजन साडेनऊ किलो आहे, आणि तो नुसता उभा राहत नाही, झुलतो.

खोक्यात चार प्लॅस्टिकच्या वाट्या होत्या, सोबत स्क्रू. लोक त्या फेकून देतात, कारण "भोक नको" म्हणूनच हे फाटक घेतलेलं असतं. वाट्या चौकटीत स्क्रूने कसल्या, गुंड्या त्यांत बसवल्या. आता काटा पंधरा किलोवर गेला तरी फाटक जागचं हललं नाही. या चार वाट्यांशिवाय दाबाचं फाटक बसलं असं मी मानणार नाही.

९ जून, सोमवार

स्वयंपाकघराला फाटक कशासाठी, असं चिमीच्या बाबांनी विचारलं. गॅससाठी, हे त्यांना समजलं. मी त्यांना मोरी दाखवली. आमच्याकडे नळाला पाणी ठराविक वेळेला येतं, म्हणून पिंप भरलेलं, दोन बादल्या भरलेल्या, हंडा भरलेला. रांगणारं किंवा नुकतं उभं राहणारं मूल बादलीत डोकावलं आणि तोल गेला तर त्याला स्वतःला वर काढता येत नाही. डोकं जड, हातात जोर नाही. नाकतोंड बुडेल इतकं, दोन इंच पाणीही पुरतं, आणि आवाज होत नाही. भाजलेलं मूल रडतं, आपल्याला कळतं. बुडणारं मूल गप्प असतं. मला मोरीची भीती गॅसपेक्षा जास्त वाटते.

पिंपाला झाकण आहेच. आजपासून बादल्यांवरही पाट, आणि दुपारी वापरून झालेली बादली पालथी.

१५ जून, रविवार

जिन्यावरची अडगळ काढताना पोटमाळ्यावर अर्धं दार सापडलं. सासूबाईंनी लगेच ओळखलं. "हे रांगायला लागले तेव्हा तुझ्या सासऱ्यांनी करून घेतलं होतं. या मजल्यावर सगळ्यांच्या दाराला होतं तसं. दार उघडं, वारा येतोय, आणि पोर घरात." अर्ध्या दाराच्या आधी उंबरठ्याशी फळी आडवी असायची, दोन्ही बाजूंच्या खाचांत वरून सरकवलेली, असंही त्या म्हणाल्या. खाचा चौकटीत अजून आहेत. रंगाखाली बुजलेल्या, पण बोट फिरवलं की लागतात.

दार सागवानी, उंची ८४. चौकट घट्ट आहे, सांधे हललेले नाहीत. पण दोन गोष्टी नडतात.

पहिली, पट्ट्यांमधली जागा : नऊ सेंटीमीटर. यातून लहान मुलाचं धड आडवं होऊन जाऊ शकतं, डोकं जात नाही. म्हणजे पाय आणि पोट पलीकडे, आणि गळ्यावर सगळं वजन. पाळण्याच्या गजांत अमेरिकेत सहा सेंटीमीटरपेक्षा जास्त जागा चालत नाही. मी तेच माप धरणार. (आमच्या गॅलरीच्या कठड्याच्या गजांत अकरा सेंटीमीटर आहेत. चाळ समितीला पत्र दिलं आहे.)

दुसरी, रंग. हिरव्याखाली निळा, निळ्याखाली आणखी कसला तरी. दात येणारी मुलं फाटकाची वरची कड चावतात, प्रत्येक मूल चावतं. भारतात घरगुती रंगातल्या शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) झाली ती १ नोव्हेंबर २०१७ पासून. हे दार त्याच्या कितीतरी आधीचं. त्यात शिसं आहे असंच धरून चालायचं. घरात पॉलिश पेपर मारायचा नाही, धूळ उडवायची नाही.

२२ जून, रविवार

सुतारकाका येऊन गेले. तळमजल्यावर राहतात, मूळचे राजापूरकडचे. अर्धं दार हातात धरून त्यांनी ते खूप वेळ नुसतं फिरवून बघितलं. "वहिनी, असं लाकूड आता मिळायचं नाही." ठरलं ते असं : वरची दांडी आणि सगळ्या पट्ट्या नव्या. राहिलेल्या चौकटीचा जुना रंग ते त्यांच्या शेडमध्ये ओला करून खरवडणार, खरवड कागदात बांधून टाकणार, वर नव्या रंगाचे दोन हात. रंगाच्या डब्यावर शिशाचं प्रमाण लिहिलेलं बघून मीच डबा आणणार.

पट्ट्या उभ्याच. आडव्या पट्ट्यांची शिडी होते.

२४ जून, मंगळवार

सासूबाई पडल्या.

स्वयंपाकघरातून चहाचा कप घेऊन येताना फाटकाच्या खालच्या दांडीला पाय अडला. दांडी जेमतेम तीन सेंटीमीटर उंच. त्यांचं वय शहात्तर, गुडघे दुखतात, पाय पुरता उचलला जात नाही. उजवा गुडघा आणि कोपर काळंनिळं झालं आहे, हाड शाबूत आहे. चहा कोमट होता, आणि त्या बाजूला मूल नव्हतं.

मी शेक देत बसले तेव्हा त्यांनी सांगितलं की गेले आठ-दहा दिवस, मी गॅलरीत कपडे वाळत घालायला गेले की त्या फाटक उघडून त्याला पाट लावून ठेवायच्या. "दर वेळी तो खटका दाबायचा, वर उचलायचा, माझ्या बोटांनी होत नाही गं. तू ओरडशील म्हणून बोलले नाही."

मला वाईट वाटलं ते त्या पडल्या म्हणून, आणि त्यांना मला सांगता आलं नाही म्हणूनही. मी ठकूची उंची मोजली, गोट्याचं वजन केलं, ताणकाटा लावला. ज्या बाईला त्या दारातून दिवसातून चाळीस वेळा जायचं आहे तिची बोटं, तिचा पाय किती उचलतो, हे मी मोजलंच नाही. फाटक मुलासाठी असलं तरी ते उघडतात आणि लावतात मोठी माणसं. त्यांच्या हाताला ते जड गेलं की ते उघडं राहतं, आणि उघडं फाटक ट्रंकेपेक्षा वाईट, कारण आपण निर्धास्त असतो.

दांडीवर आजच लाल टेप लावली. पण हे फाटक जाणार.

२९ जून, रविवार

स्वयंपाकघराचं नवं फाटक, सुतारकाकांनी केलेलं. यात सासूबाईंचं म्हणणं आधी विचारलं, मग माप.

खाली दांडी नाही. जमिनीपासून तीन सेंटीमीटर मोकळे, तेवढ्यातून मूल सरपटून जाणार नाही. उंची ७६. पट्ट्यांमध्ये पाच सेंटीमीटर. बिजागऱ्या चौकटीत स्क्रूने, स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, कारण चौपाटीची खारी हवा साध्या स्क्रूला दोन पावसाळेही टिकू देत नाही.

फाटक मुलांच्या खोलीकडे उघडतं. कारण सांगते : मुलं त्या बाजूने ढकलणार. चौकटीला स्वयंपाकघराच्या बाजूने एक पट्टी ठोकली आहे. मुलांनी ढकललं की फाटक त्या पट्टीवर दाबलं जातं, जोर कडीवर येत नाही. कडी कितीही चांगली असली तरी सहा मुलांचा जोर तिने रोज का सोसावा?

यात एक अडचण आहे ती मान्य करते. बाहेर येताना फाटक मुलांच्या अंगावर उघडतं. म्हणून मुलं जागी असताना गरम भांडं या दारातून न्यायचं नाही. वरणभात आतच थंड करून, कालवून बाहेर.

आपोआप लागण्यासाठी आधी स्प्रिंगची बिजागरी लावून बघितली. ती खाडकन आपटते. बोट सापडलं तर? काढून टाकली. मग काकांनी वरची बिजागरी किंचित कलती बसवली. फाटक आता स्वतःच्या वजनाने सावकाश मिटतं. कोकणात वाडीची बेडी, म्हणजे फाटकं, अशीच मिटतात, म्हणाले. बिजागरीच्या बाजूची फट दोन बोटं मोकळी ठेवली, करंगळी अडकून चेंगरेल अशी अरुंद फट ठेवायची नाही.

कडी स्वयंपाकघराच्या बाजूने, वरून हात घालून तळहाताने उचलायची लाकडी खिटी. सासूबाईंनी दहा वेळा उघडून लावून बघितली. "ही माझी," म्हणाल्या.

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

जिन्याचं फाटक. आजचा दिवस त्यातच गेला.

उजवीकडचा खांब चाळीचा भार पेलणारा आहे. त्यात स्क्रू मारायला मी तयार नव्हते आणि काकाही नव्हते. त्यांनी खांबाला लागून जमिनीपासून मीटरभर उंचीची सागवानी पट्टी उभी केली आणि ती दोन पत्र्याच्या पट्ट्यांनी खांबाला आवळली, पत्र्याच्या कडा आत वळवून. खांबाला भोक नाही. कडी या पट्टीवर.

डावीकडची भिंत विटांची, वर चुन्याचा गिलावा. ड्रिल लावलं तर सहा मिलिमीटरचं भोक बघता बघता अंगठ्याएवढं झालं, पिठासारखा चुना गळत होता. अशा भिंतीत प्लॅस्टिकचा प्लग घालून त्यावर बिजागरी लटकवली तर पहिल्या महिन्यात निघते. दोन बिजागऱ्या म्हणजे दोन ठिकाणी सगळा ओढ. म्हणून भिंतीवरही एक लांब लाकडी पट्टी, चार इंची स्क्रूने, गिलाव्याच्या पार विटेपर्यंत, पाच ठिकाणी. विटेत भोक पाडायचं, सांध्यात नाही. मग बिजागऱ्या त्या पट्टीवर. ओढ पाच जागी वाटली जाते. जुन्या चाळीत राहणाऱ्यांनी एवढं एक ध्यानात ठेवावं. नव्या इमारतीत काँक्रीटच्या भिंतीला हा त्रास नाही, तिथे भोक पाडणंच कष्टाचं.

जुन्या सागवानात स्क्रू मारताना आधी बारीक भोक, मग स्क्रूला अंगाचा साबण चोळायचा. नाहीतर अर्ध्यात डोकं तुटतं. एक तुटलंच.

फाटक जिन्याच्या तोंडाला, पहिल्या पायरीच्या अलीकडे बसवलं. पायरीवर बसवलं असतं तर तिच्याच आधाराने मुलं वर चढून उभी राहिली असती.

संध्याकाळी ताणकाटा : वीस किलो, हललं नाही. सासूबाईंचा उपास, खिचडी मी उशिरा केली. रेडिओवर अभंग चालू होते.

१२ जुलै, शनिवार

गोट्याची आई जुनं दाबाचं फाटक मागायला आली. त्यांच्या आजोळी पनवेलला घरात जिना आहे, वरच्या मजल्यावर सगळे झोपतात, वर लावायला हवं होतं. मी दिलं नाही. तिला थोडं लागलं मनाला. मग खाली बसवून ५ जूनची नोंद वाचायला दिली. तिथे स्क्रूचं फाटक लागेल, जिन्यावर न उघडणारं. हे दाबाचं तिथल्या स्वयंपाकघराला बसत असेल तर खुशाल न्यावं, चार वाट्यांसकट आणि लाल टेपसकट. सोमवारी माप घेऊन येते म्हणाली.

तिला आणखी एक सांगितलं : मूल कडेवर असताना फाटक ओलांडायचं नाही. घाईत सगळे ओलांडतात. मीही ओलांडलं आहे.

२० जुलै, रविवार

अर्धं दार बसलं. नऊच्या जागी आता पट्ट्यांमध्ये साडेपाच सेंटीमीटर. फिकट पिवळा रंग. आत उघडतं, कारण गॅलरी सगळ्यांची आहे आणि तिथून जिन्याकडे जाणाऱ्या माणसाला आमचं दार लागता कामा नये.

कुलूप नाही. जुनी चाळ आहे, वेळ आली तर सहा मुलं घेऊन बाहेर पडावं लागेल, आणि तेव्हा किल्ली शोधायची नाही. कडी गॅलरीच्या बाजूने, खाली : वर उचलून मग बाजूला सरकवायची. मोठ्या माणसाने वरून वाकून एका हाताने करायचं. माझ्या डाव्या हाताने होतं, उजव्या कडेवर मूल असतं म्हणून डाव्याने तपासलं.

दार बसवल्यावर हे उंबरठ्याशी जरा वेळ उभे राहिले. त्यांना स्वतःला ते आठवत नाही. सासूबाईंना आठवतं.

२७ जुलै, रविवार

पाऊस लागून राहिला आहे. यंदा तो २६ मेलाच मुंबईत आला, दोन महिने लाकूड पाणी पितंय. स्वयंपाकघराचं फाटक फुगलं, चौकटीला घासतं, आपोआप मिटत नाही. काकांनी कडीच्या बाजूने रंधा मारला, फक्त दोन मिलिमीटर. मी आणखी काढा म्हणत होते. ते म्हणाले, आज मोकळं केलं की डिसेंबरात सुकून आखडेल आणि खिटी खाचेत पोचणार नाही. रंधलेली कड उघडी न ठेवता लगेच रंगवली, नाहीतर तिथूनच पाणी आत शिरतं.

५ ऑगस्ट, मंगळवार

चिमीने अर्ध्या दाराची कडी उघडली. स्टुलावर उभी राहून, वरून वाकून, मी जशी उघडते अगदी तशी. आणि गोट्याला हात धरून गॅलरीत घेऊन गेली. "मावशी, त्याला पाऊस बघायचा होता." शेजारच्या वहिनींनी दोघांना कठड्याशी थांबवलं.

मी रागावले नाही. चार वर्षांच्या मुलीने रोज बघितलेली गोष्ट शिकली. ही फाटकं सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. त्याच्या पुढचं मूल ती उघडतं किंवा त्यावर चढतं, आणि चढायला लागलं की त्या मुलाला फाटकाचा धोकाच जास्त, पडण्याची उंची वाढते. हे मला माहीत होतं. पण एकाच खोलीत वर्षा-सव्वा वर्षाचं आणि चार वर्षांचं असलं की मोठ्याचं शिकणं धाकट्याला बाहेर काढतं, हा विचार मी केला नव्हता.

केलं ते असं. स्टूल आतल्या खोलीत. बाहेरचं जाळीचं दार, जे मी वाऱ्यासाठी उघडं ठेवायचे, ते आता लोटलेलं आणि त्याची कडी वर, माझ्या डोक्याच्या उंचीवर. अर्ध्या दाराला बाहेरच्या बाजूने देवघरातली जुनी पितळी घंटी तारेने बांधली. दार हललं की वाजते, स्वयंपाकघरात ऐकू येते. घंटी चार सेंटीमीटरची आहे. सव्वातीन सेंटीमीटरपेक्षा लहान कुठलीही वस्तू मी मुलांच्या आसपास ठेवत नाही, घशात अडकते.

आणि चिमीला सांगितलं की दार उघडायचं काम मोठ्यांचं, घंटी वाजली की मला हाक मारायचं काम तिचं. ते तिने मनावर घेतलं आहे.

११ ऑगस्ट, सोमवार

एका नव्या बाळाचे आईबाबा येऊन गेले, सोबत वॉकर. नम्रपणे परत न्यायला सांगितला. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली ती उगाच नाही. चाकांवरचं मूल नुसत्या रांगणाऱ्या मुलापेक्षा कितीतरी वेगाने फाटकावर आपटतं, आणि फाटक उघडं असलं तर जिन्यावर.

१९ ऑगस्ट, मंगळवार

कालपासून धो धो. शाळांना सुट्टी, लोकल ठप्प. चार मुलं आली होती. ठकूची आई सकाळी ठाण्याला गेलेली, ती रात्री सव्वादहाला पोचली. साडेसातला वीज गेली.

अंधारात सासूबाई बाहेरच्या खोलीत मुलांना घेऊन बसल्या, मी आत मेणबत्ती लावून खिमट गरम केलं. जिना दिसत नव्हता, मोरी दिसत नव्हती, ठकू कुठे आहे ते फक्त आवाजावरून कळत होतं. तीन वेळा ती जिन्याच्या फाटकाशी जाऊन पट्ट्या हलवत बसली. खडखड ऐकू येत होती. मी पातेलं ढवळत राहिले. २ जूनला हेच पातेलं टाकून धावले असते.

२७ ऑगस्ट, बुधवार, गणेश चतुर्थी

पाळणाघर बंद, पण घरी गणपती, आणि ठकू आईबाबांबरोबर दर्शनाला आली. पाहुण्यांच्या दिवसात फाटकांचं काय करायचं यावर आठवडाभर बोलणं चाललं होतं. येणारा प्रत्येक जण अर्धं दार उघडतो, मागून येणाऱ्यासाठी तसंच ठेवतो. घंटी दिवसभर वाजली तर तिला अर्थ उरत नाही.

शेवटी असं केलं. अर्धं दार आरतीपर्यंत पूर्ण उघडं, भिंतीला बांधून टाकलेलं, आणि दाराशी एक मोठं माणूस, दर अर्ध्या तासाला पाळी बदलून. मुलगा, हे, शेजारचा पुतण्या. अर्धवट लावलेलं दार ठेवायचं नाही. जिन्याचं आणि स्वयंपाकघराचं फाटक मात्र बंदच. समई या वेळी मखरात खाली न ठेवता वर, कोनाड्यात. सासूबाईंना ते आवडलं नाही, तरी त्यांनीच वर ठेवली.

१४ सप्टेंबर, रविवार

महिन्याची तपासणी. यापुढे दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी.

जिन्याच्या फाटकाचा खालचा एक स्क्रू अर्धा फेरा सैल. आवळला. भिंतीवरची पट्टी घट्ट. खांबाच्या पत्र्याच्या पट्टीला एका कडेला तांबूस डाग, पुसून रंग लावला. अर्ध्या दाराच्या वरच्या कडेवर दातांच्या खुणा, रंग दोन ठिकाणी गेला आहे. ठकूचे वरचे दोन दात आले, त्यांचेच ते. नवा रंग पूर्ण वाळून वास जाईपर्यंत चार दिवस कडेला जाड सुती कापड शिवून ठेवलं.

चाळ समितीचं उत्तर आलं. गॅलरीच्या कठड्याला आमच्या मजल्यावर जाळी लावायला परवानगी, खर्च मजल्यावरच्या सगळ्यांनी वाटून. सहापैकी चार घरं तयार. उरलेल्या दोघांशी मी बोलणार.

५ ऑक्टोबर, रविवार

अडीच वर्षांच्या दोघांपैकी धाकटा शुक्रवारी जिन्याच्या फाटकावर पाय टाकून चढला. त्याच्या छातीपर्यंतच येतं ते आता. त्याच्यापुरतं या फाटकाचं काम संपलं. त्याला जिना शिकवायला घेतला : उलटं वळून उतरायचं, पोट पायरीकडे, पाय आधी. रोज चार वाजता, माझ्या हाताखाली, तीन पायऱ्या. ठकू फाटकाच्या अलीकडे पट्ट्या धरून उभी राहते आणि बघते. सोमवारपासून ती आधाराशिवाय दोन पावलं टाकते आहे.

गॅलरीच्या जाळीचं माप घेतलं : लांबी ११ मीटर ४०, उंची कठड्याच्या वर ३० सेंटीमीटर धरून. पाचवं घर तयार झालं.